झाडाची साल कागदावर उतरवताना: पानं, खोडं आणि दगडांचे घासछाप

आमच्या खळ्यावर एक जुना निंब होता. रस्ता रुंद करायच्या कामात तो गेला. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी सहज त्याच्या खोडाला कागद लावून काळ्या मेणखडूने एक छाप घेतला होता, दोन फूट लांबीचा, आणि आज त्या झाडाचं माझ्याकडे तेवढंच उरलंय. तसे मोबाईलमध्ये फोटो आहेत की, पंधरावीस तरी असतील. पण फोटोत झाड लांबून दिसतं. ह्या कागदावर जी भेग चार बोटं लांब आहे ती झाडावर पण चार बोटंच लांब होती, एका ठिकाणी फांदी तुटून गाठ बसलेली ती गाठ आहे त्याच मापाची इथं आहे. कागद त्या झाडाला टेकला होता, एवढीच ह्या कलेची गंमत आणि एवढीच तिची ताकद. तेव्हापासून मी गावातली, शेताबांधावरची, सातपुड्यातली झाडं अशी कागदावर घेत सुटलोय आणि बऱ्याच जणांनी विचारलं की नेमकं करतो कसं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लहानपणी रुपयाच्या नाण्यावर वहीचं पान ठेवून पेन्सिल घासली नाही असा माणूस नसेल. हे तेच आहे, फक्त नाण्याच्या जागी पान, साल, दगड. चित्रकलेत ह्याला फ्रोटाज म्हणतात, फ्रेंचमध्ये फ्रोते म्हणजे घासणं. मॅक्स अर्न्स्ट नावाच्या जर्मन चित्रकाराने १९२५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या समुद्रकाठच्या एका गावात मुक्कामी असताना खोलीतल्या झिजलेल्या लाकडी फळ्यांवर कागद टाकून काळ्या शिसाने घासलं आणि त्या रेषांमधून त्याला जंगलं, पक्षी, प्राणी दिसायला लागले, तिथून तो ह्या कामात शिरला. आपल्याकडे शिलालेखाचे ठसे घेतात ते पण ह्याच्याच नात्यातलं. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात शके ११२८ चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा, आणि १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्यावर लिहिलं होतं. असे लेख वाचायला अभ्यासक ओला कागद दगडावर बसवतात, ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचेत घालतात आणि वरून शाईचा बोळा हलकेच टेकवतात, म्हणजे अक्षर पांढरं राहतं नि आजूबाजूचा दगड काळा होतो. पण ते शिकलेल्या माणसांचं आणि परवानगीचं काम आहे. आपण जुन्या मंदिरावर, लेण्यांवर, शिलालेखावर कधीच खडू घासायचा नाही. मेण दगडाच्या छिद्रात बसलं की निघत नाही.

सामान

सामान स्वस्त आहे, पण कागद चुकला की सगळं चुकतं, म्हणून कागदावर जरा जास्त बोलतो. झेरॉक्सचा साधा ए-फोर ७० किंवा ७५ जीएसएमचा येतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड), तो पानांसाठी एकदम बरोबर आहे. ड्रॉइंगचा जाड कागद सुरुवातीला घेऊच नका, तो इतका जाड असतो की खालची बारीक शीर वर येतच नाही आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. उलट खोडासाठी झेरॉक्सचा कागद कडक पडतो, सालीच्या वळणावर बसत नाही, मोडतो. तिथं पातळ आणि चिवट कागद पाहिजे. मी बटर पेपर किंवा न्यूजप्रिंट वापरतो. न्यूजप्रिंट मोठ्या आकारात मिळतो आणि सरावाला भारी आहे, पण वर्षा दोन वर्षात पिवळा पडतो, त्यामुळे ठेवायचं काम त्यावर करू नका. पतंगाचा कागद पण चालतो, छाप फार सुंदर येतो त्यावर, फक्त हात अगदी हलका पाहिजे नाहीतर निंबाच्या पहिल्याच टोकाला फाटेल.

घासायला शाळेतल्या पोरांचे मेणखडू. वरचा कागद सोलून टाकायचा आणि खडू आडवा धरायचा, टोकाने नाही. जितका जाड खडू तितकं बरं. त्याशिवाय ६बी म्हणजे मऊ, गडद पेन्सिल बारीक पानांसाठी, आणि कोळशाची कांडी जर मऊ, धुरकट काम पाहिजे असेल तर. ऑइल पेस्टल मला ह्या कामाला फारसे आवडत नाहीत, ते मऊ असल्याने खाचेत पण शिरतात नि सगळं भरून टाकतात. खडू जितका कडक तितका छाप स्वच्छ, हे लक्षात ठेवा.

आणि इथंच आपल्या खान्देशचा प्रश्न येतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा मेणखडू हातातच लोण्यासारखा होतो. मी उन्हाळ्यात खडूचा डबा रात्रभर माठाला टेकवून ठेवतो, सकाळी सहाला ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन निघतो आणि नऊच्या आत काम आटोपतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा सीझन, खडू कडक असतो, साल कोरडी असते, हवा पण कोरडी. पावसाळ्यात खोडाच्या नादी लागूच नका. साल ओली, कागद दमट, घासलं की लगदा होतो.

बाकी पिशवीत मास्किंग टेप, जुना मऊ ब्रश, दोन-तीन चिमटे, एक सपाट पाटी किंवा प्लायचा तुकडा, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या. ट्यूब कशाला ते पुढे सांगतो.

पहिल्यांदा पान

सुरुवात पिंपळाच्या पानाने करा, शिरा ठळक आणि आकार असा की चुकला तरी ओळखू येतो. झाडावरून ताजं तोडलेलं पान लगेच घेऊ नका, त्यात पाणी असतं, दाब पडला की रस सुटतो नि कागदाला डाग पडतो. आणि पार वाळलेलं पण नको, ते चुरा होतं. पान आणायचं, पेपरात घालून वर चारपाच जाड पुस्तकं ठेवून एक रात्र ठेवायचं. सकाळी ते सपाट आणि चिवट झालेलं असतं, ती वेळ गाठायची.

आता पान पालथं ठेवायचं, म्हणजे शिरांची बाजू वर. नव्वद टक्के लोक इथंच चुकतात, पान सुलटं ठेवतात आणि छाप पुसट का आला म्हणून डोकं खाजवतात. देठ जाड असेल तर तो अर्धा कापून टाका, नाहीतर कागद त्याच्यावर तंबूसारखा उभा राहतो. पान पाटीवर टेपच्या बारीक गोळीने खालून चिकटवा, वर कागद टाका, कागदाच्या चारही कोपऱ्यांना टेप. आता खडू घ्यायच्या आधी अंगठ्याने कागदावरून पान चाचपा. मधली शीर कुठं आहे, कडा कुठं संपते, टोक कुठं आहे. हे चाचपणं कधीच टाळू नका, हाताला नकाशा कळला की खडू आपोआप बरोबर फिरतो.

पहिला हात एकदम हलका. इतका हलका की काही येतंय की नाही अशी शंका यावी. मधल्या शिरेपासून कडेकडे, एकाच दिशेने, आणि कडेच्या बाहेर पण बोटभर जायचं म्हणजे पानाची बाहेरची रेघ स्वच्छ उठते. मग दुसरा हात थोडा तिरका, पहिल्याला छेद देऊन. तिसरा हात फक्त जिथं काळं पाहिजे तिथंच. पुढं-मागं घासू नका, मागे येताना कागद सरकतो आणि एक शीर दोन दिसायला लागतात. एकदा सरकला की तो कागद गेला, तो परत जुळवायचा प्रयत्न करू नका, नवा घ्या.

पिंपळानंतर उंबर, पळस, सीताफळ अशी पानं घ्या. पळसाचं पान मला विशेष आवडतं, जाड, चामड्यासारखं, आणि शिरा अशा उठून येतात की घाईत घासलं तरी साधतं. सागाचं पान मोठं नि खरखरीत, त्याला ए-थ्री कागद लागतो. सागाची एक खास गोष्ट सांगतो. पावसाळा सरत आला की सागावर अळी पडते, पानाचा हिरवा भाग खाऊन टाकते नि फक्त शिरांची जाळी ठेवते. शेतकऱ्याला ते नुकसान दिसतं आणि ते आहेच, पण खाली पडलेलं असं जाळीचं पान तुम्हाला सापडलं तर सोन्यासारखं जपा, त्याचा छाप जसा येतो तसा दुसऱ्या कशाचाच येत नाही, लेसच्या कापडासारखा. पिंपळाची जाळी घरी पण करता येते, पान बादलीत पाण्यात तीनचार आठवडे सोडून द्यायचं, अधूनमधून पाणी बदलायचं, मग गर सुटला की मऊ ब्रशने धुऊन काढायचं.

केळीच्या पानाने मात्र फसवणूक होते. आपल्याकडे रावेर-यावल पट्ट्यात केळीच केळी, म्हणून वाटतं हेच पहिलं करावं, पण पानात पाणी फार आणि शिरा अगदी जवळजवळ, कागदावर नुसत्या रेघोट्या येतात. त्यापेक्षा घड काढल्यावर पडलेल्या खोडाचं वाळलेलं सोपट, म्हणजे खोडाचा सुटा होणारा थर, घ्या. त्याच्या आतल्या बाजूला लांब उभ्या रेघा आणि मधे बारीक आडव्या पायऱ्या असतात, शिडीसारख्या. तुकडा कापून पाटीवर टेपने ताणून बसवा आणि पेन्सिलने घासा. मी एका चित्रात नदीचं पाणी ह्याच सोपटाने केलंय.

मग खोड

खोड हे खरं काम. इथं कागद तुमच्याकडे येत नाही, तुम्हाला कागदाकडे जायला लागतं, उभं राहून, दोन्ही हात वर करून.

झाड निवडताना सालीकडे बघायची सवय लावा. निंबाला उभ्या भेगा, त्यात तिरकस जोड. बाभळीच्या भेगा खोल आणि दोरखंडासारख्या पिळदार. चिंचेची साल बारीक चौकोनी तुकड्यांत फुटलेली. सातपुड्यात ऐन भेटतो, ज्याला साजड पण म्हणतात, त्याची साल बघाल तर मगरीची पाठच, आणि माझ्या मते घासछापासाठी ह्यापेक्षा सुंदर साल आपल्या भागात नाही. नाल्याकाठची शिंदी पण बघा, गळून गेलेल्या झावळ्यांच्या बुडांची तिरप्या चौकटींची नक्षी येते. अर्जुनाची साल गुळगुळीत, तिथं वेळ घालवू नका. सलईची साल पापुद्र्यांची, घासलं की पापुद्रा निघून येतो, झाडाला पण त्रास आणि कागदाला पण.

पहिल्यांदा सालीवरून कोरडा ब्रश हलकेच फिरवा, सुटी धूळ, जाळी झटका. मुंग्यांची रांग असेल तर दुसरी बाजू घ्या. सालीचे तुकडे उपटायचे नाहीत, खिळे तर अजिबात नाही. कागद खोडाला लावून वर-खाली ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून गाठ मारा. सुतळी पण चालते पण सुतळी एका ठिकाणी कापते नि मधे कागद फुगतो, ट्यूब मात्र ताणून धरते आणि खोडाच्या वळणाबरोबर बसते. ही युक्ती मला पंक्चरवाल्याच्या दुकानात बसलेलो असताना सुचली आणि तेव्हापासून कागद सरकायचा त्रास निम्मा झाला.

आता तळव्याने कागद दाबत दाबत फिरवा, भेगांमध्ये कागद थोडा बसू द्या, पण बोटाने खुपसू नका. खडू आडवा धरून भेगांच्या आडव्या दिशेने घासायचं. हे महत्त्वाचं आहे. भेग उभी असेल आणि खडू पण उभा फिरवला तर खडू भेगेत शिरतो आणि उंचवटा-खोलगा एक होतो. आडवा फिरवला की खडू उंचवट्यावरून उंचवट्यावर उडी मारतो नि भेग पांढरी राहते. एक हात कागद धरायला, एक घासायला, आणि वरून खाली असं पट्ट्यापट्ट्याने या. मधेच कागद उचलून बघायचा मोह होतो, तो आवरा.

पहिल्या वेळेस एक बाभूळ घेत होतो तेव्हा बाजूच्या शेतातले बाबा बांधावर येऊन उभे राहिले नि म्हणाले, "झाडले काय करी ऱ्हायना रे भाऊ?" मी कागद सोडून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, झाडाजवळ नेला, एक एक भेग बोटाने जुळवली, आणि मग मला हात धरून झाडाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले, तिथं त्यांच्या लहानपणी बैल बांधायच्या दोराने घासून घासून एक गुळगुळीत पट्टा पडला होता. मी त्याचाही छाप घेतला. खरखरीत सालीच्या मधे तो पट्टा कागदावर जवळजवळ कोरा आलाय. झाडाच्या मालकाला किंवा राखणदाराला विचारूनच काम करा, एक तर ते योग्य आहे, आणि दुसरं म्हणजे झाडाची माहिती त्यांच्याकडेच असते.

जंगलात जाताना दोन-तीन गोष्टी. यावल, गौताळा अशा अभयारण्यात पान पण तोडायचं नाही नि उचलून पण आणायचं नाही, छाप तिथंच घ्यायचा आणि तोही वनखात्याच्या माणसाला विचारून. बिब्ब्याच्या झाडाला हात लावू नका, त्याच्या तेलाने अंगावर फोड येतात. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात, वेलीखाली उभं राहून झाड हलवलं तर दिवस खराब. आणि सुटलेल्या सालीच्या फटीत बोट घालायचं नाही, विंचू तिथंच बसतो.

दगड

दगडाचं थोडक्यात सांगतो. आपला काळा दगड लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि काही ठिकाणी त्यात वायूच्या बुडबुड्यांची छिद्रं राहिलीत. असा छिद्राचा दगड नदीपात्रात सापडला तर त्याचा छाप रात्रीच्या आकाशासारखा येतो, काळ्यात पांढरे ठिपके. धुळे-नंदुरबारकडे लांबच लांब भिंतीसारख्या दगडी रांगा दिसतात, भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात, तिथल्या उघड्या दगडावर उन्हापावसाने सालपटं सुटलेली असतात ती पण घेऊन बघा. दगडावर कागद लवकर फाटतो म्हणून दोन पातळ कागद एकावर एक घाला. उन्हातल्या दगडावर मेणखडू वितळतो, तिथं पेन्सिल किंवा कोळसा.

छापातून चित्र

इतकं झालं की तुमच्याकडे पंचवीस-तीस कागद जमलेले असतात आणि प्रश्न पडतो की आता ह्याचं करायचं काय. नुसता छाप फ्रेम केला तरी छान दिसतो, खोडाचा तर नक्कीच. पण पुढं जायचं असेल तर दोन रस्ते मला फार आवडतात.

पहिला म्हणजे कापून जोडणं. छाप भिंतीला लावून दोन दिवस नुसते बघा, उलटे करून बघा, आडवे करून बघा. ऐनाची साल आडवी केली की नांगरलेलं शेत दिसतं. चिंचेची साल म्हणजे मे महिन्यातली भेगाळलेली काळी जमीन. सागाची जाळी उलटी धरली की पान झडलेलं झाड. ह्या तुकड्यांना कात्रीने कापण्यापेक्षा हाताने फाडा, फाडलेली कड मऊ असते, डोंगराची रेघ तशीच असते. चिकटवायला पातळ केलेली खळ किंवा फेविकॉल, फार थोडा, नाहीतर पातळ कागद सुरकुततो. मोठ्या मायच्या अंगणातून दिसणारा सातपुडा मी असाच केला, तीन रांगा, पुढची बाभळीची काळी गर्द, मधली निंबाची, आणि सगळ्यात मागची फिकट पेन्सिलने घेतलेल्या पळसाच्या पानांची.

दुसरा रस्ता पाण्याच्या रंगाचा. मेणावर पाणी बसत नाही, ह्याचा फायदा घ्यायचा. इथं कागद जरा जाड लागतो, १२० जीएसएमच्या आसपास, म्हणून ठळक शिरांचं पान निवडा. पांढऱ्या किंवा पिवळ्या मेणखडूने छाप घ्या, ह्या वेळेस जरा दाबून. मग रुंद ब्रशने पातळ वॉटर कलर एका हाताने वरून खाली फिरवा, निळा किंवा हिरवा. रंग मेणावरून घसरतो आणि शिरा उजळून निघतात. पोरांना हे दाखवा, पांढऱ्या कागदावर पांढरा खडू घासलेला असतो, काहीच दिसत नसतं, आणि ब्रश फिरला की पान उगवतं, तेव्हाचे त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. रंगात पाणी भरपूर ठेवा, घट्ट रंग मेणावर पण चिकटतो.

सुती कापडावर पण होतं. धुऊन खळ काढलेलं पांढरं कापड, त्यावर फॅब्रिक क्रेयॉनने छाप, वर-खाली कोरा कागद ठेवून गरम इस्त्री. साध्या मेणखडूचा रंग धुण्यात जातो, म्हणून रुमाल-पिशवी करायची असेल तर कापडाचेच खडू घ्या.

सांभाळून ठेवायचं

पेन्सिल आणि कोळशाच्या छापाला फिक्सेटिव्ह, म्हणजे छाप पुसू नये म्हणून मारायचा फवारा, मारावा लागतो, फूटभर अंतरावरून, दोन हलके हात, मधे सुकू द्यायचं. मेणाच्या छापाला त्याची गरज नाही, पण त्याला उष्णता चालत नाही. पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या काचेमागे, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवू नका, उन्हाळ्यात कागद एकमेकांना चिकटून बसतील. मी प्रत्येक दोन कागदांमधे बटर पेपर घालून पलंगाखाली सपाट ठेवतो. गुंडाळी करू नका, मेणाला तडे जातात.

आणि मागच्या बाजूला, घरी आल्यावर लगेच, पेन्सिलने लिहा. झाडाचं नाव, गाव, कोणाच्या बांधावर, तारीख, जमिनीपासून किती उंचीवर, खोडाची कोणती बाजू. झाडाचं स्थानिक नाव पण लिहा, आजूबाजूचे लोक जे म्हणतात ते. निंबाच्या त्या कागदामागे मी फक्त "खळ्यावरचा निंब, रस्त्याकडची बाजू" एवढंच लिहिलंय. उंची लिहिली नाही. गाठ माझ्या छातीला होती की खांद्याला, हे आता कोणालाच सांगता येत नाही, मोठ्या मायला पण विचारून बघितलं.